दर सांगितल्यानंतरची शांतता

डीजे आत्या ठार बहिरी झाली, ही बातमी पहिल्यांदा केटररने फोडली.

केटरर म्हणजे पार्ट्यांना जेवण पुरवणारा माणूस. तो कुठलीही गोष्ट कानात सांगितल्यासारखी सांगतो, फक्त आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. "कुणाला बोलू नका हां," अशी सुरुवात करून तो भेटेल त्याला सांगत सुटला, "आत्याचे कान गेले. दोन्ही! मी स्वतः नाही बघितलं, पण ज्याने बघितलं त्याने मला सांगितलं. समोरचा बोलतोय, बोलतोय, आणि ही आपली ढिम्म. इतकी वर्षं त्या ढॅण ढॅणमध्ये उभं राहिल्यावर दुसरं काय होणार?" स्पीकर दुरुस्त करणाऱ्याने लगेच री ओढली, "उजवा आधी गेला. मला केव्हाची शंका होती." फुलांची सजावट करणाऱ्या बाईंनी तर कानाच्या डॉक्टरचा नंबरच पाठवून दिला.

खरं काय ते आता ऐका. आत्याला दोन खोल्या पलीकडचा फ्रिज ऐकू येतो, आणि तो आज जरा वरच्या पट्टीत गुणगुणतोय हेही कळतं. भाचीने दार लावून, श्वास रोखून बिस्किटांचा पुडा उघडला तरी बाहेरून आवाज येतो, "क्रीमची माझी आहेत." (ही भाची म्हणजे हे लिहिणारी. पण गोष्ट आत्याची असल्यामुळे भाचीने भाचीच्या जागी राहावं आणि मध्ये मध्ये लुडबुड करू नये, असं घरच्यांनी बजावलं आहे.)

तर कान शाबूत आहेत. मात्र आत्या एका माणसासमोर पुतळ्यासारखी बसली होती, एवढं खरं आहे. ती तशी का बसली आणि त्यासाठी तिला किती घाम गाळावा लागला, ते सांगायचं तर सुरुवात बुटांपासून करावी लागेल.

आत्या सहा वर्षं बुटांच्या दुकानात कामाला होती. दुकानात मागच्या बाजूला एक प्लेअर होता आणि मालकाने त्यावर बासरीची एकच सीडी लावून ठेवली होती. सकाळी दहा ते संध्याकाळी आठ, तीच बासरी. तिसऱ्या आठवड्यात आत्याला बासरीचं चित्र बघूनही मळमळायला लागलं, तेव्हा तिने घरून आपली गाणी नेली. आणि मग तिच्या लक्षात एक गंमत आली. गिऱ्हाईक तोंडाने "छे छे, महाग आहे" म्हणत असतं, आणि त्याच वेळी बुटाच्या आत त्याचा अंगठा ठेका धरत असतो. दिवसाला साठ जणांना गुडघ्यावर बसून बूट चढवणाऱ्या माणसालाच हे दिसणार. चेहरे खोटं बोलायला शिकलेले असतात, पायांची शिकवणी कुणी घेतलेली नसते, असं ती अजून म्हणते.

मालकाच्या मुलीच्या वाढदिवसाला गाणी लावायचं काम असंच तिच्या गळ्यात पडलं. पाहुणे खुर्च्यांना चिकटून बसले होते. आत्याने कुणाचेही चेहरे बघितले नाहीत, खाली वाकून टेबलांखाली बघितलं. कोपऱ्यातल्या एका जाड्या काकांची टाच हलत होती. तिने त्या टाचेला शोभेल असं गाणं लावलं आणि पाच मिनिटांत काका मधोमध, कोट खुर्चीवर, टाय डोक्याला! त्या महिन्यात तिने एक जुना मिक्सर घेतला, स्वयंपाकघरातला नव्हे, गाणी एकमेकांत मिसळायचा. पुढच्या वर्षी दोन स्पीकर आले, एक मोठा आणि एक लहान. त्यांची नावं पडली थोरली आणि धाकटी. बैठकीच्या कोपऱ्यात दोघी चादर पांघरून बसतात आणि वहिनी त्यांच्या डोक्यावर घडी घातलेले कपडे ठेवते. दोघी मिळून पावणेपाच फुटांच्या पाहुण्या, जागा अडवतात तर निदान कामाला तरी येऊ देत, असं तिचं म्हणणं.

वहिनी म्हणजे आत्याच्या दादाची बायको, भाचीची आई. दादाचं नळांचं दुकान आहे. आत्या त्यांच्याच घरात राहते, आणि या घरात कुणी तिच्या कामाला नावं ठेवत नाही. नावं ठेवतात ती तिच्या दराला.

हा दराचा घोटाळा एका सवयीतून झाला होता, आणि ती सवय फक्त डीजेलाच लागू शकते. दोन गाण्यांच्या मधली शांतता म्हणजे डीजेची नाचक्की. दोन सेकंद आवाज थांबला की नाचणारे थबकतात, एकाला तहान लागते, दुसरीला घर आठवतं, आणि रंगलेली गर्दी पिठासारखी सांडते. म्हणून अकरा वर्षांत आत्याचा हात असा तयार झाला की शांतता येतेयसं वाटलं तरी ती भरून काढायला तो आपोआप पुढे सरकतो. जेवताना सगळे गप्प झाले की ती हवामानावर बोलते. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला ती त्याच्या बुटांचा नंबर सांगते. या सवयीने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडायचं ते फोनवर. समोरचा विचारायचा, "मग दर काय तुमचा?"

"पंधरा हजार," आत्या म्हणायची.

पलीकडे शांतता. एक सेकंद. दोन.

"म्हणजे, चौदा पण चालतील."

शांतता.

"लाइट धरून."

शांतता.

"बरं, बारा. तुमच्यासाठी."

एकदा तर पलीकडचा माणूस फोन ठेवून दार उघडायला गेला होता. परत येऊन धापा टाकत म्हणाला, "सॉरी हां, बेल वाजली. किती म्हणालात?" आत्या म्हणाली, "नऊ." त्या माणसाने घासाघीस केलीच नव्हती. त्याने दूध घेतलं होतं.

भाचीने याची नक्कल बसवली. एका हाताचा फोन करायचा, दुसऱ्या हाताने लिफ्टचं बटण दाबायचं आणि खाली खाली बसत जायचं, "पंधरावा मजला... चौदावा... बारावा... तळमजला, कृपया सावकाश उतरा." वहिनी हसून हसून डोळे पुसायची. आत्याही हसायची. दादा मात्र ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "माझ्या दुकानात गिऱ्हाईक गप्प बसतं म्हणून मी नळ फुकट देतो का?"

"नळ बोलत नाही रे दादा, मला बोलावं लागतं."

"तेच तर म्हणतोय. बोलू नकोस."

शेवटी एका दुपारी दादाने ताट बाजूला सारलं आणि सरळ विषयाला हात घातला. तो चिडलेला नव्हता, म्हणून सगळ्यांना जास्त धडकी भरली. "आठवड्याला दोन दोन कार्यक्रम करतेस. पाठ धरते, घसा बसतो. आणि महिनाअखेर माझ्या काउंटरवरच्या पोराइतकेही हातात उरत नाहीत. हे किती दिवस?"

आत्याने, अर्थातच, ती शांतता भरून काढली. "वर्ष संपेपर्यंत बघते. नाही जमलं तर थोरली-धाकटी विकते आणि तुझ्या काउंटरला बसते."

शब्द तोंडातून गेला. कुणी मागितलाही नव्हता. वहिनीने कपाळाला हात लावला. वर्ष संपायला तेव्हा चार महिने होते.

ते चार महिने सरत सरत तीन आठवड्यांवर आले, तेव्हा पोस्टातल्या एका बाईंच्या निवृत्तीची पार्टी होती. पोस्टाच्याच कँटीनमध्ये, दुपारी दोन वाजता. बाईंनी चौतीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले होते आणि नाचबिच आपल्याला जमत नाही असं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. आत्याने टेबलाखाली बघितलं. पाय अगदी शहाण्या मुलासारखे जोडलेले, जराही हालचाल नाही. मग तिची नजर वर गेली. बाईंचा उजवा हात टेबलावर होता आणि मूठ आपली आपणच हलत होती. ठप. ठप-ठप. ठप. ठप-ठप. चौतीस वर्षांचा ठेका.

आत्याने हातातलं गाणं बाजूला ठेवलं आणि त्याच चालीचं दुसरं शोधून लावलं. बाईंनी आधी आपल्या हाताकडे बघितलं, जणू त्याने चहाडी केली होती. मग टेबलावर जोरात थाप मारली. शेजारच्या कारकुनाने मारली. तासाभरात अख्खं कँटीन शिक्के मारत होतं, साहेबसुद्धा, आणि निवृत्त होणाऱ्या बाई मधोमध उभ्या राहून सगळ्यांना, "जोरात! अक्षर उमटलं पाहिजे!" म्हणून ओरडत होत्या.

पार्टी संपल्यावर आत्या वायरी गुंडाळत होती, तेव्हा फोटोवाली येऊन खुर्चीत धपकन बसली. फोटोवाली पन्नाशीची आहे, केस बारीक कापलेले, आणि नवरदेवाच्या आजोबांनाही ती बाळा म्हणते.

"बाळा, जीव ओतलास आज. किती घेतलेस?"

"नऊ."

"नऊ काय?"

"हजार."

फोटोवालीने कॅमेरा मांडीवर ठेवला. "म्हणजे हे पोस्टवाले गॉगलवाल्याला नाही म्हणाले ते तुझ्यामुळे. तो अठरा सांगतो. त्याला म्हणे, एवढे कशाला, ती बाई नऊमध्ये करते."

गॉगलवाला हाही डीजेच. भर दुपारी, घरातसुद्धा गॉगल घालतो, पण माणूस सरळ आहे. गेल्याच वर्षी आत्याचा मिक्सर ऐन वेळी बंद पडला, तेव्हा तो स्वतःचा घेऊन धावत आला होता.

"मी त्याचं काम काढून घ्यायला नव्हते गं गेले," आत्या म्हणाली. तिच्या हातातली वायर अर्धवट गुंडाळलेली तशीच राहिली.

"तू गेली नव्हतीस. पण निघालं ना त्याच्या हातून? तुला वाटतं, तू मनाची मोठी आहेस म्हणून स्वस्त आहेस. बाळा, तू घाबरट आहेस म्हणून स्वस्त आहेस. आणि त्याची झळ दुसऱ्याला बसते." तिने टेबलावरचा कागदी रुमाल ओढला आणि पेन काढलं. "काल काय केलंस?"

"काल? काही नाही. सुट्टी होती."

"काय केलंस?"

"गाणी निवडत होते. पोस्टातल्या लोकांची वयं विचारून घेतली होती, त्याप्रमाणे."

"किती वेळ?"

"सकाळी बसले ते... जेवायला उठले."

"परवा?"

"ही खोली बघून गेले. टाळ्या वाजवून बघितल्या. पत्र्याचं छत आहे, आवाज घुमतो. म्हणून थोरलीला जमिनीवर ठेवलं आज."

"आज घरून कधी निघालीस? पोचणार कधी? हे सगळं टेम्पोत चढवणार, उतरवणार, चादर घालणार..." फोटोवाली रुमालावर रेघा ओढत होती. सतरा झाल्या. "चार तास वाजवलंस, तर चारांचेच मागतेस, तेही लाजत लाजत. उरलेले तेरा तास कुणाला दान केलेस? आणि टेम्पो? आणि स्पीकर जुने होतात ते?"

तिने सगळं मांडलं आणि खाली आकडा लिहिला. अठरा. गॉगलवाला काही हवेत बाण मारत नव्हता.

"माझ्या तोंडातून अठरा निघणार नाही गं."

"ते निघेल. त्यानंतर जे निघतं ते बंद करायचंय. दर उतरवायला कारण लागतं, बाळा. त्यांच्याकडे स्पीकर आहेत? उतरव. दोनच तास हवेत? उतरव. समोरचा गप्प बसला, हे काही कारण नाही."

आत्याने तो रुमाल घडी करून पाकिटात ठेवला. घरी येताना टेम्पोत तिला पहिल्यांदा राग आला, आणि तो नेमका कुणावर आलाय ते कळायला दोन सिग्नल जावे लागले. मग ती स्वतःशीच म्हणाली, "दूध घेत होता तो माणूस. दूध!"

आणि चौथ्याच दिवशी एका सभागृहाच्या मॅनेजरचा निरोप आला.

या मॅनेजरला घरात सगळे बघूयासाहेब म्हणतात. त्यांच्या सभागृहाला नवीन नळ बसवायचे होते, म्हणून दादाकडे त्यांच्या खेपा चालल्या होत्या, आणि दरवेळी नळ हातात घेऊन, फिरवून, उजेडात धरून ते म्हणायचे, "हंऽऽ... बघूया." नाकातून येणारा हं, त्यानंतर एखादं गाव पार होईल एवढी शांतता, आणि मग बघूया. निरोप असा होता: पुढच्या वर्षी दर रविवारी दुपारी सभागृहात ज्येष्ठांसाठी चहा आणि नाच ठेवायचा आहे. स्पीकर त्यांचे. तीन तास. आत्याने मंगळवारी अकरा वाजता नळांच्या दुकानातच भेटावं, म्हणजे दोन्ही कामं उरकतील.

वर्षभराचे रविवार! हे जमलं तर थोरली-धाकटी घरातच राहणार होत्या. आणि हे आठ-नऊवर सुटलं, तर आत्या वर्षभर राबून पुन्हा तिथेच, म्हणजे काउंटरलाच. स्पीकर त्यांचे, टेम्पो नाही, तास कमी, असं सगळं धरून आत्याने आणि फोटोवालीने फोनवर आकडा काढला. चौदा. योग्य आकडा. तो फक्त सांगायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम.

तालीम स्वयंपाकघरात झाली. भाचीने वडिलांचा कोट चढवला, हातात चिमटा घेतला आणि त्याचा नळ केला.

"हंऽऽ... तर, बाई, दर?"

"चौदा," आत्या म्हणाली.

भाची चिमट्याकडे बघत राहिली. एक. दोन.

"तेरापण..."

"आत्या!"

"हो हो. पुन्हा."

पुन्हा "चौदा". पुन्हा दोन सेकंद. "चहा घेणार का तुम्ही?"

"हे काय आता?"

"दर नाही उतरवला ना पण!"

"चहा विचारलास की पुढचं वाक्य तेरा असतं तुझं."

बारा वेळा झालं. सर्वात मोठी मजल चार सेकंदांची, तीही मध्ये शिंक आली म्हणून. भाचीने कोट काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "पैज लाव. दहा सेकंद. तू दर सांगून दहा सेकंद गप्प राहू शकत नाहीस."

"राहिले तर?"

"मागशील ते."

आत्याने फार विचार केला नाही. "एक महिना नक्कल बंद. कुणाचीच नाही. माझी नाही, दादाची नाही, केटररची नाही."

वहिनी म्हणाली, "अगं, पोरगी फुटेल."

"आणि मी जिंकले तर?" भाचीने विचारलं.

"तर हेडफोन तुझे."

आत्याचे हेडफोन! भाचीने हात पुढे केला तो पैज जिंकल्याच्या थाटात. डोळ्यांसमोर तिला हेडफोन दिसत होते, काळे, मऊ गादीचे.

सोमवारी संध्याकाळी आत्या ते हेडफोन लावून रविवारच्या गाण्यांची जुळवाजुळव करत होती. एक गाणं संपत आलं होतं, दुसरं हाताशी तयार होतं. हात फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या त्या सरकत्या बटणावर. आणि हात थांबलेला होता. ती मोजत होती, रोज मोजते तसं. नाचाचं गाणं बत्तीस बत्तीस ठोक्यांच्या तुकड्यांत चालतं. तुकडा पुरा व्हायच्या आत दुसरं गाणं घुसवलं, तर दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो. म्हणून डीजे थांबतो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस...

आत्याने हेडफोन काढले.

ती तर दिवसभर थांबायचंच काम करत होती. दर सांगितला की आपलं गाणं संपलं. आता तुकडा समोरच्याचा. त्याचे बत्तीस ठोके पुरे व्हायच्या आत आपण बटण कशाला ढकलायचं?

ती कुणाला काही बोलली नाही. आत्या असून बोलली नाही, यावरूनच भाचीला संशय यायला हवा होता.

मंगळवारी अकरा वाजता दुकानात चार माणसं होती. काउंटरमागे दादा, स्टुलावर भाची, हातात फोन आणि फोनवर सेकंद मोजायचं घड्याळ. खुर्चीत बघूयासाहेब. समोरच्या खुर्चीत आत्या, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर. भिंतीवर दीडशे नळ माना वाकवून ऐकत होते. नमुन्याच्या बेसिनचा नळ मात्र गळत होता, टप... टप, आणि तो नीट करतो करतो म्हणून दादाने अख्खं वर्ष काढलं होतं.

रविवारांबद्दल बोलणं झालं. आत्या छान बोलली. बूट काढून बसता येईल अशा खुर्च्या ठेवा म्हणाली, गुडघे दुखणाऱ्यांसाठी बसल्या बसल्या नाचायची गाणी आहेत म्हणाली. बघूयासाहेबांचा पायही हलला, तिने बघितलं. मग ते मागे टेकले.

"हंऽऽ. तर, बाई, तुमचा दर?"

"एका रविवारचे चौदा हजार."

भाचीने बटण दाबलं.

बघूयासाहेबांनी काउंटरवरचा एक नळ उचलला. फिरवला. आत्याचं एक बोट मांडीवर नाचाच्या ठेक्यात हलायला लागलं, सेकंदाला दोनदा. एक, दोन, तीन, चार. साहेबांनी नळ उजेडात धरला. टप, असा बेसिनमधून थेंब पडला, तो जरा मागेपुढे, तालात नसलेला, त्याने तिचा आकडा चुकता चुकता राहिला. नऊ. दहा. साहेबांनी चष्मा काढून पुसला. आत्याचं तोंड उघडलं. भाचीने स्टुलाची कड धरली. हेडफोन, हेडफोन!

आत्याने श्वास घेतला आणि तोंड मिटलं. अठरा. एकोणीस. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दहा सेकंद होऊन गेले तेव्हा भाचीच्या फोनवर आकडा पुढे पळत होता आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण दुकानातली शांतता आता इतकी ताणली गेली होती की ती कुठून तरी फाटणार हे दिसत होतं.

ती काउंटरमागून फाटली.

"साहेब," दादा म्हणाला, "नळांवर पाच टक्के सोडतो मी."

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादाने स्वतःकडे बघितलं, म्हणजे समोरच्या चकचकीत पत्र्यात. वीस वर्षांत गिऱ्हाईक गप्प बसलं म्हणून याने कवडी सोडली नव्हती.

आत्याचं बोट अजून चालूच होतं. तीस. एकतीस. बत्तीस.

बघूयासाहेबांनी नळ खाली ठेवला आणि दादालाच हळूच विचारलं, "यांना ऐकू येतं ना?"

"येतं," आत्या म्हणाली. आणि पुन्हा गप्प.

"नाही, म्हणजे... चौदा जरा जास्त होतात. दर रविवारी म्हटलं तर."

"मग दर रविवारी नको," आत्या म्हणाली. तिचा आवाज खाली नाही आला. "महिन्यातले दोन रविवार मी करते. उरलेले गॉगलवाल्याला द्या, तो माझ्याहून छान जुनी गाणी लावतो. पण त्यालाही चौदाच. आणि उरलेल्यातला एखादा रविवार मोकळा ठेवायचा असेल, तर ज्येष्ठांना विश्रांती."

हे तिने तालमीत कधीच म्हटलं नव्हतं. फोटोवालीनेही सांगितलं नव्हतं.

बघूयासाहेबांनी दोघा बहीणभावांकडे आळीपाळीने बघितलं. "हंऽऽ," ते म्हणाले. मग उठले. "बघूया."

"बघा," आत्या म्हणाली.

ते पायऱ्या उतरून गेले आणि वाटेत त्यांनी केटररला फोन लावला असणार, कारण दुपारपर्यंत आत्या ठार बहिरी झालेली होती.

त्यानंतरचे तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. थोरलीवरच्या घड्या वहिनीने तीन वेळा उचलून पुन्हा ठेवल्या. आत्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा बत्तीस मोजून खाली ठेवला. शुक्रवारी सकाळी साहेबांचा निरोप आला, एकच ओळ: "दोन तुमचे, दोन त्यांचे. चौदा. खुर्च्यांचं सांगितलंत ते पुन्हा एकदा पाठवा." गॉगलवाल्याने फोन करून बराच वेळ नुसतं "अगं, अगं" केलं, आणि म्हणे तेव्हा त्याने गॉगल काढला होता.

दोन रविवारांनी कुणाचा बंगला होत नाही. पण आता बाकीच्या फोनवरही आत्या अठरा म्हणते आणि मोजते. निम्मे लोक जातात, निम्मे राहतात, आणि उरलेल्या निम्म्यांत ती आधीपेक्षा जास्त कमावते आणि रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपते. एका शाळेच्या बाईंना तर तिने सरळ सांगितलं, "तुमची खोली लहान आहे, मी नको तुम्हाला. गाण्यांची यादी करून देते, तेवढ्याचेच द्या." वर्ष संपायच्या दिवशी दादा काउंटरवर एक पाटी लावून आला, माणूस पाहिजे अशी. घरी येऊन हात धुता धुता म्हणाला, "ते बत्तीसचं मलाही शिकव जरा. पाच टक्के गेले माझे."

राहिली पैज. तालमीत दोन-चार सेकंद टिकणाऱ्या आत्याने त्या दिवशी दहाच्या पुढे सहा सेकंद जास्त काढले, आणि भाचीचा महिना सुरू झाला. पहिल्या आठवड्यात केटरर दोनदा घरी आला, बहिरेपणाची चौकशी करायला, आत्याच्या कानाशी तोंड नेऊन "बऱ्याऽऽ आहात ना?" असं ओरडायला, आणि भाचीला उशीत तोंड खुपसून बसावं लागलं. एकोणिसाव्या दिवशी तिने वही उघडली. तोंडाने करायची नाही एवढंच ठरलं होतं, हाताने लिहायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

आत्याने हे सगळं वाचलं. केटररच्या जागी हसली, लिफ्टच्या जागी हसली, कानांच्या पाळ्यांच्या जागी जरा थांबली. मग वही मिटून म्हणाली, "नक्कलच आहे ही. पंधरा दिवस वाढले."

आणि गप्प बसली.

भाचीने दोन सेकंद दम धरला. तीन. आत्याचं बोट मांडीवर हलत होतं.

"बरं," भाची म्हणाली, "पंधरा."